मीडिया टाकला तरी सीओडी का उतरत नाही? एमबीबीआरमधल्या हवेचा आणि पृष्ठभागाचा हिशेब

तुमचा प्रश्न आधी सगळ्यांसाठी थोडक्यात मांडतो. फळांचा रस आणि गर काढणाऱ्या कारखान्याचं सांडपाणी रोज २०० घनमीटर. येणारा सीओडी (पाण्यातली सगळी घाण रसायनाने जाळायला लागणारा ऑक्सिजन) सरासरी ३,००० आणि बीओडी (त्यातला जिवाणूंना पचणारा भाग संपवायला लागणारा ऑक्सिजन) १,५०० मिलिग्रॅम प्रति लिटर. जुन्या एरेशन टँकमध्ये, म्हणजे हवा देऊन जिवाणूंकरवी घाण खाऊ घालायच्या टाकीत (लांबी १० मीटर, रुंदी ३.७५ मीटर, पाण्याची खोली ४ मीटर, म्हणजे १५० घनमीटर) जिवाणूंचा गाळ फुगायचा आणि क्लॅरिफायरवरून (गाळ खाली बसवायच्या टाकीवरून) वाहून जायचा. म्हणून चार महिन्यांपूर्वी तिच्यात ६० घनमीटर प्लास्टिक मीडिया (जिवाणूंनी चिकटून वाढावं म्हणून टाकायचे छोटे तुकडे) टाकून तिचं एमबीबीआर, म्हणजे फिरत्या मीडियाची टाकी, केलं. तळाला स्टेनलेस स्टीलच्या भोकं पाडलेल्या नळ्या बसवल्या. ब्लोअर जुनाच ठेवला, ताशी ४५० घनमीटरचा. आज बाहेर पडणाऱ्या पाण्यात सीओडी ९५०, बीओडी ४५०, टीएसएस (तरंगते घन कण) १८० आहे आणि सीओडी २५० च्या आत आणायचा आहे. टाकीतला डीओ, म्हणजे पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन, १ ते १.२ मिलिग्रॅम प्रति लिटर. मीडिया बाहेरच्या टोकाला गोळा होतो, त्यावर करडा बुळबुळीत थर आहे. पुरवठादार म्हणतो, दर आठवड्याला कल्चर पावडर (जिवाणूंची पूड) टाका. तुमचा प्रश्न: आणखी मीडिया टाकू की कल्चर बदलू?

यातलं काहीच आधी करू नका. तुमच्याकडे जिवाणूंची टंचाई नाही. चार महिने वाहत्या सांडपाण्यात राहिलेल्या मीडियावर जे जिवाणू जगू शकतात ते केव्हाच वसले आहेत. पावडरीतले जिवाणू पाण्यात तरंगतात आणि त्याच दिवशी पाण्याबरोबर बाहेर जातात. टाकीत टंचाई आहे ती ऑक्सिजनची, आणि बहुधा नत्र-स्फुरदाचीही. त्या दोन्ही भरून निघाल्यावरही एका टाकीतून २५० गाठता येणार नाही, ती तिसरी अडचण. तिन्ही वेगळ्या आहेत आणि क्रमाने सोडवाव्या लागतात, म्हणून एकेक घेतो.

पहिला हिशेब पृष्ठभागाचा. एमबीबीआरची टाकी घनमीटरवर किंवा पाणी किती तास राहतं यावर ठरत नाही. मीडियाच्या दर चौरस मीटरवर रोज किती ग्रॅम बीओडी येतो यावर ती ठरते. तुमच्याकडे रोज २०० घनमीटर गुणिले १.५ किलो, म्हणजे ३०० किलो बीओडी येतो. मीडियाच्या माहितीपत्रकात ८०० चौरस मीटर प्रति घनमीटर लिहिलंय असं तुम्ही म्हणता. तो आकडा बाहेरच्या बाजूसकट एकूण पृष्ठभागाचा असण्याची शक्यता मोठी आहे. बाहेरची बाजू सतत एकमेकांवर घासते, तिथे थर टिकत नाही. मोजायचा तो आतला, आडोशाचा पृष्ठभाग. अशा चाकासारख्या मीडियाला तो साधारण ५०० धरतात. पुरवठादाराकडून ‘संरक्षित पृष्ठभाग’ असा वेगळा आकडा लेखी मागा. ५०० धरला तर ६० घनमीटरमध्ये ३०,००० चौरस मीटर मिळतात आणि भार येतो १० ग्रॅम प्रति चौरस मीटर प्रतिदिन.

हा भार वाईट नाही, पण मधला आहे. ढोबळमानाने ५ ते १५ ग्रॅमच्या पट्ट्यात एका टप्प्यात विरघळलेला बीओडी ७५ ते ८५ टक्के उतरतो. २० च्या वर गेलात तर फक्त मोठा बोजा कमी होतो. अगदी स्वच्छ पाणी हवं असेल तर ५ च्या खाली यावं लागतं. ही पद्धत नॉर्वेत १९८० च्या दशकाच्या अखेरीस विकसित झाली आणि डिझाइनचे बरेच आकडे तिथल्या १० अंशांच्या आसपासच्या पाण्यावरचे आहेत. तुमचं पाणी ३० अंशांचं असेल तर जिवाणू त्याहून वेगाने काम करतील. पण कोमट पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो, त्यामुळे तो फायदा हवेअभावी वाया जाऊ शकतो. तुमच्याकडे नेमकं तेच चाललंय.

आता हवा. इथे जरा थांबतो, कारण अडचणीत आलेल्या बऱ्याच एमबीबीआरचं दुखणं इथेच असतं. एक किलो बीओडी काढायला साधारण १ ते १.२ किलो ऑक्सिजन लागतो. एक घनमीटर हवेत सुमारे ०.२८ किलो ऑक्सिजन असतो, म्हणजे तुमचा ब्लोअर ताशी १२६ किलो ऑक्सिजन टाकीत ढकलतो. त्यातला विरघळतो किती? भोकांच्या नळ्यांतून येणारे मोठे बुडबुडे स्वच्छ पाण्यात दर मीटर खोलीमागे ३ टक्क्यांच्या आसपास ऑक्सिजन देतात. नळ्या ३.७ मीटर खाली असतील तर ११ टक्के. प्रत्यक्ष सांडपाण्यात साबण, तेल, क्षार यांमुळे तो आकडा घटतो. शिवाय टाकीत जितका डीओ आधीच आहे तितकी पुढचा ऑक्सिजन विरघळण्याची ओढ कमी होते. डीओ १.२ असताना तुम्हाला ७ ते ७.५ टक्के मिळत असणार. म्हणजे ताशी सव्वानऊ किलो, दिवसाला सुमारे २२५.

आता तुमचेच आकडे पाहा. आत ३०० किलो बीओडी येतो, बाहेर ९० किलो जातो, टाकी २१० किलो काढते. जेवढा ऑक्सिजन मिळतो जवळजवळ तेवढंच काम होतंय. टाकी आळशी नाही, तिला मिळालेली हवा ती पुरेपूर वापरते. अशा स्थितीत आणखी मीडिया टाकणं म्हणजे एका चुलीवर पातेल्यांची संख्या वाढवण्यासारखं आहे.

बायोफिल्मला, म्हणजे मीडियावरच्या जिवाणूंच्या थराला, डीओ जास्त का लागतो तेही समजून घ्या, नाहीतर ‘जुन्या टाकीत १.५ वर चालत होतं’ असं वाटत राहतं. सुट्या गाळाचा कण बारीक असतो, ऑक्सिजन त्याला चहूबाजूंनी मिळतो. मीडियावरच्या थरात ऑक्सिजन एकाच बाजूने, वरून झिरपत जातो आणि वाटेतले जिवाणू तो खात जातात. पाण्यात डीओ १ असेल तर तो मिलिमीटरच्या अगदी छोट्या भागापर्यंतच पोचतो, त्याखालचा थर नुसता वजन वाढवतो. डीओ ३ झाला की काम करणारी जाडी वाढते. म्हणून कार्बन काढण्यासाठी २.५ ते ३.५ डीओ राखायचा. अमोनिया काढायचा असेल तर ४ ते ६ लागतो. तुमच्या पाण्यात मुळातच नत्र कमी असल्याने तो विषय इथे सोडून देतो.

डीओ ३ च्या आसपास राखायचा म्हटलं की विरघळण्याचं प्रमाण ५ ते ५.५ टक्क्यांवर उतरतं. रोज २८० किलो बीओडी काढायचा तर ताशी १३ किलो ऑक्सिजन हवा, त्यासाठी ताशी ८५० ते ९०० घनमीटर हवा लागेल. थोडक्यात, आहे तेवढाच आणखी एक ब्लोअर. जुना चांगला असेल तर नवा जोडीला लावा आणि एक राखीव ठेवा. नव्या ब्लोअरचा दाब ठरवताना पाण्याची खोली, नळ्यांमधली घट आणि थोडी सवलत धरा. ३.७ मीटर बुडीला ०.४५ ते ०.५ बारच्या खालचा ब्लोअर घेऊ नका. मुख्य हवेची पाइप दुप्पट हवेला पुरेल का तेही तपासा. जुनी पाइप अरुंद असेल तर नवा ब्लोअर तापेल आणि हवा मात्र वाढणार नाही.

यात एक गोष्ट परिस्थितीवर अवलंबून आहे: तुमच्या पाण्यात ऑक्सिजन विरघळण्यात नेमकी किती घट होते. मी ती स्वच्छ पाण्याच्या ७० टक्के धरली आहे. धुलाईच्या साबणाचं प्रमाण जास्त असेल तर ती ५० टक्क्यांपर्यंत उतरू शकते आणि मग ९०० सुद्धा कमी पडेल. म्हणून ब्लोअर विकत घेण्याआधी एक चाचणी करा. ब्लोअर दोन-तीन दिवसांसाठी भाड्याने आणा किंवा राखीव ब्लोअर जोडीला चालवा आणि डीओ किती चढतो ते दर दोन तासांनी लिहा. उलट बाजूनेही पाहता येईल: येणारं पाणी दोन दिवस निम्मं करा. डीओ ३ च्या वर गेला आणि बाहेरचा बीओडी झपाट्याने उतरला तर हवेचा तर्क पक्का झाला. डीओ चढूनही बीओडी उतरला नाही, तर नत्र-स्फुरदाचं खत किंवा पाण्यातला विषारीपणा पाहायला हवा.

मीडिया टोकाला गोळा होण्याचं कारणही हवाच आहे, फक्त तिची मात्रा नव्हे, मांडणी. पुष्कळांना वाटतं की पाण्याचा प्रवाह मीडिया ढकलतो. तुमच्या टाकीचा आडवा छेद १५ चौरस मीटर आहे आणि प्रवाह ताशी सव्वाआठ घनमीटर, म्हणजे पाणी पुढे सरकतं ताशी जेमतेम अर्धा मीटर. एवढ्याने मीडिया हलत नाही. तुम्ही दिलेल्या आराखड्यात शेवटच्या दोन मीटरमध्ये हवेची एकही नळी नाही. हवा असलेल्या भागात पाणी वर उसळतं आणि पृष्ठभागावरून हवा नसलेल्या भागाकडे वाहतं. मीडिया त्याबरोबर जातो आणि तिथे त्याला परत फिरवणारं काही नसतं. तळाच्या नळ्या संपूर्ण तळावर पसरवा, भिंतीपासून ३०-४० सेंटिमीटरपर्यंत. भोकं ४ मिलिमीटरची आणि नळीच्या खालच्या बाजूला, म्हणजे गाळ आत शिरत नाही. प्रत्येक उतरत्या पाइपला स्वतंत्र व्हॉल्व्ह ठेवा. मग एका बाजूला थोडी जास्त, दुसऱ्या बाजूला थोडी कमी हवा देऊन मीडियाला गोल फिरतं ठेवता येतं. नळ्या पाणसळ नसतील तर हवा उंच टोकातूनच बाहेर पडेल. टाकी रिकामी असतानाच पाणी नळ्यांच्या वर १० सेंटिमीटर भरा, ब्लोअर सुरू करा आणि सगळ्या भोकांतून सारखे बुडबुडे येतात का ते डोळ्यांनी बघा.

आता त्या बुळबुळीत थराविषयी. बाहेर काढलेला मीडिया हातात घेतला की बरंच कळतं. निरोगी थर तपकिरी असतो, पातळ असतो, बोटाने पुसला तर निघतो पण ओघळत नाही, वास ओल्या मातीसारखा. आतली भोकं मोकळी दिसायला हवीत. काळा थर आणि कुजका वास म्हणजे ऑक्सिजन आतपर्यंत पोचत नाही. पांढरट, खरखरीत, नखाने खरवडावा लागणारा थर म्हणजे कॅल्शियम बसतंय. त्यावर सौम्य आम्लाचा थेंब टाकला तर फसफसतो, आणि असा मीडिया जड होऊन तळाशी जातो. तुमचा करडा, जेलीसारखा, भोकं भरून टाकणारा थर मात्र तिसरीच गोष्ट सांगतो. साखर भरपूर आणि नत्र-स्फुरद तोकडं असलं की जिवाणूंना नव्या पेशी बांधता येत नाहीत, मग ते खाल्लेल्या साखरेचा चिकट लगदा करून बाहेर टाकतात. फळांच्या पाण्यात हे नेहमी दिसतं. तुमच्या जुन्या टाकीतला गाळ फुगण्यामागेही हेच कारण असण्याची दाट शक्यता आहे, म्हणजे रोग जुनाच आहे, फक्त आता तो मीडियावर चढून बसला आहे.

हिशेब असा. बीओडी १०० भागांना नत्र ५ आणि स्फुरद १ हे सुरुवातीचं प्रमाण. ३०० किलो बीओडीला रोज १५ किलो नत्र आणि ३ किलो स्फुरद. तुमच्या पाण्यात एकूण नत्र १५ आणि स्फुरद ४ मिलिग्रॅम प्रति लिटर आहे, म्हणजे रोज ३ किलो नत्र आणि ०.८ किलो स्फुरद येतं. तूट १२ किलो नत्र आणि २.२ किलो स्फुरद. डीएपीमध्ये स्फुरद २० टक्के आणि नत्र १८ टक्के असतं. ११ किलो डीएपीतून २.२ किलो स्फुरद आणि २ किलो नत्र मिळेल. उरलेल्या १० किलो नत्रासाठी ४६ टक्के नत्र असलेला युरिया २२ किलो. हे दोन्ही पाण्यात विरघळवून डोसिंग पंपाने दिवसभर, येणाऱ्या पाण्याबरोबर द्या. सकाळी एकदम पोतं रिकामं केलं तर पहिल्या तासात जास्त होतं आणि रात्री फारसं उरत नाही. इथे पाणी टाकीत सतरा-अठरा तासच राहतं, सकाळच्या खतातलं बरंचसं रात्रीपर्यंत बाहेर गेलेलं असतं.

हे प्रमाण कायमचं नाही. बाहेर पडणारं पाणी गाळून त्यात अमोनिया १ ते २ आणि विरघळलेलं फॉस्फेट (स्फुरद म्हणून मोजलेलं) ०.५ ते १ मिलिग्रॅम प्रति लिटर उरेल एवढाच डोस ठेवा. दर आठवड्याला मोजा, जास्त उरत असेल तर दहा टक्क्यांनी कमी करा. हंगाम बदलला, फळ बदललं की पुन्हा मोजा. आंबट फळांच्या वेळी पीएचकडेही लक्ष द्या. टाकीत तो ६.८ ते ७.८ च्या दरम्यान हवा. ६.५ च्या खाली गेला की बुरशीचे तंतू वाढतात आणि तेही असेच चिकट असतात. शंका असेल तर थोडा थर काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. जाड, फांद्या फुटलेले तंतू दिसले तर ती बुरशी समजा.

कल्चर पावडरचा खर्च बंद करा आणि त्या पैशातून डीओचा चांगला मीटर आणि गाळणकागद घ्या. पावडरीला एकच जागा आहे: सगळा थर विषारी डोसने मेला आणि जवळपास कुठूनही जिवंत गाळ मिळत नसेल तेव्हा. तेव्हाही ताजा सक्रिय गाळ मिळाला तर तोच उत्तम.

गाळणकागद मुद्दाम म्हणतोय. तुमचा ९५० सीओडी न गाळलेल्या नमुन्याचा आहे. १८० टीएसएस म्हणजे त्यातले जवळपास २०० मिलिग्रॅम सीओडी निव्वळ गाळाच्या कणांचे आहेत. ही अडचण क्लॅरिफायरची आहे, एमबीबीआरची नाही. रोज दोन आकडे लिहा, गाळलेला आणि न गाळलेला. गाळलेला सीओडी सांगतो की टाकी काम करते का. दोघांतला फरक सांगतो की क्लॅरिफायर काम करतो का. हे दोन वेगळे न मोजता एकच आकडा पाहत राहिलात तर चुकीच्या टाकीवर पैसे खर्च होतात.

मीडियावरून सुटणारा थर बारीक असतो, सक्रिय गाळासारखा त्याचा गोळा होत नाही. साध्या क्लॅरिफायरमध्ये तो नीट बसत नाही, ही या पद्धतीची मूळ मर्यादा आहे. विक्रीच्या वेळी ती फार कमी वेळा सांगितली जाते. काढलेल्या प्रत्येक किलो बीओडीमागे अर्ध्या किलोच्या आसपास कोरडा गाळ धरा, म्हणजे तुमच्याकडे रोज १०० ते १५० किलो. क्लॅरिफायरच्या आधी तुरटी किंवा फेरिक क्लोराइड आणि मग पॉलिमर द्यावं लागेल. डोस जार चाचणीने ठरवा: एक लिटरच्या सहा भांड्यांत तुरटी ५०, ८०, १२०, १६०, २००, २५० मिलिग्रॅम, एक मिनिट जोरात ढवळणं, मग पॉलिमर १ ते २ मिलिग्रॅम, दहा मिनिटं हळू ढवळणं, अर्धा तास स्थिर. वरचं पाणी ज्या सर्वांत कमी डोसला स्वच्छ दिसेल तो घ्या. तुरटीने पीएच उतरतो, तो मोजायला विसरू नका. जागा असेल तर या गाळासाठी हवेच्या बारीक बुडबुड्यांनी गाळ वर आणणारं यंत्र, डीएएफ, क्लॅरिफायरपेक्षा चांगलं चालतं. पण तुमचा क्लॅरिफायर आहेच तर आधी रसायन देऊन पाहा.

आणि गाळ परत टाकीत पाठवणं बंद करा. तुम्ही जुन्या सवयीने तो अजूनही फिरवता असं लिहिलंय. गाळ फिरवून मीडियासह चालणारी मिश्र पद्धत आहे आणि ती चांगलीही चालते, पण तिच्यासाठी नीट बसणारा गाळ आणि भरपूर हवा लागते. तुमच्याकडे सध्या दोन्ही नाही. फुगलेला गाळ परत आणून तुम्ही आधीच तोकड्या असलेल्या ऑक्सिजनमध्ये आणखी एक वाटेकरी आणता.

आता तिसरी अडचण, २५० चं लक्ष्य. हवा आणि खत दोन्ही दुरुस्त झाल्यावर १० ग्रॅमच्या भाराला विरघळलेला बीओडी २२५ ते ३०० पर्यंत उतरेल असं मी धरतो. सीओडी मग ४०० ते ५०० च्या घरात. यापुढे एकाच टाकीत जाणं कठीण आहे, कारण ढवळलेल्या टाकीत सगळीकडे बाहेर पडणाऱ्या पाण्याइतकंच पातळ अन्न असतं आणि पातळ अन्नावर थर सावकाश खातो. म्हणून टाकी दोन भागांत तोडा. मधे भिंत घालून ७५-७५ घनमीटरचे दोन कप्पे करा. प्रत्येकात ६० टक्के मीडिया, म्हणजे ४५ घनमीटर, २२,५०० चौरस मीटर. एकूण ९० घनमीटर लागेल, म्हणजे ३० घनमीटर नवा. पहिल्या कप्प्यावर भार १३ ग्रॅम येतो, तिथे ७५ टक्के बीओडी गेला तर ७५ किलो उरतो. दुसऱ्यावर भार सव्वातीन ग्रॅमच्या आसपास, तिथे आणखी ७० ते ८० टक्के गेला तर १५ ते २२ किलो, म्हणजे ७५ ते ११० मिलिग्रॅम प्रति लिटर. हवेतली ७० टक्क्यांच्या वर पहिल्या कप्प्याला द्या. ६७ टक्क्यांपलीकडे मीडिया भरू नका, मग तो मोकळा फिरत नाही.

पण भिंत बांधण्याआधी एक स्वस्त चाचणी करा. आजचं बाहेर पडणारं पाणी दोन-तीन लिटर घ्या, त्यात मूठभर जुना मीडिया आणि चिमूटभर युरिया-डीएपी टाका, मत्स्यालयाच्या पंपाने हवा देत राहा. रोज उडालेल्या पाण्याची जागा डिस्टिल्ड पाण्याने भरून, गाळून सीओडी मोजा. सहा-सात दिवसांनी आकडा एका जागी थांबेल. तो तुमच्या पाण्यातला जिवाणूंना न पचणारा सीओडी. १२०-१५० वर थांबला तर दोन कप्प्यांनी २५० गाठता येईल. तो २५० च्या आसपासच थांबला तर जगातला कुठलाही मीडिया ते लक्ष्य गाठून देणार नाही. मग रंग, धुलाईची रसायनं असं काही उगमाशीच वेगळं काढावं लागेल किंवा शेवटी कार्बन-ओझोनसारखा टप्पा लागेल.

मधल्या भिंतीतली आणि बाहेरची जाळी काळजीने करा. भोक मीडियाच्या सर्वांत लहान मापापेक्षा नक्की लहान हवं, झिजलेला मीडियाही अडला पाहिजे. गर्दीच्या वेळचा प्रवाह ताशी १५ घनमीटर धरला आणि जाळीतून वेग ताशी ३० मीटरच्या आत ठेवला तरी अर्धा चौरस मीटर पुरतो, पण निदान एक चौरस मीटर द्या. जाळीच्या खाली हवेची एक नळी ठेवा, तिच्या बुडबुड्यांनी जाळी धुतली जाते. आपत्कालीन ओव्हरफ्लोलाही जाळी हवीच. जाळी तुंबून पाणी चढलं की मीडिया त्या वाटेने गटारात जातो, आणि हे बहुधा रात्री घडतं. टाकीच्या आधी ३ मिलिमीटरची बारीक जाळी नसेल तर ती पहिल्यांदा बसवा. साली आणि बिया एकदा मीडियात अडकल्या की हाताने काढाव्या लागतात.

फेसावर सिलिकॉनचं डिफोमर (फेस मारणारं रसायन) मारू नका. ते मीडियावर चढतं, पृष्ठभाग पाणी झटकायला लागतो आणि थर धरत नाही. पाण्याचा फवारा पुरतो. नवा मीडिया पहिले आठ-पंधरा दिवस तरंगतो आणि फेसही जास्त येतो, त्याला घाबरू नका. नवा ३० घनमीटर एकदम न टाकता तीन-चार हप्त्यांत टाका, आधीच्या हप्त्याचा मीडिया ओला होऊन बुडायला लागला की पुढचा. जुना, थर असलेला मीडिया दोन्ही कप्प्यांत वाटा, म्हणजे दुसऱ्या कप्प्याला शून्यापासून सुरुवात करावी लागणार नाही. पूर्ण थर बसायला तीन ते सहा आठवडे धरा.

क्रम असा ठेवा. आठवडाभर गाळलेला सीओडी, डीओ, अमोनिया, फॉस्फेट रोज मोजा आणि गाळ फिरवणं थांबवा. लगेच खताचा डोस सुरू करा, तो सर्वांत स्वस्त उपाय आहे. न पचणाऱ्या सीओडीची चाचणी त्याच आठवड्यात लावा. मग हवेच्या नळ्या आणि ब्लोअर. त्यानंतर क्लॅरिफायरचं रसायन. भिंत आणि नवा मीडिया सगळ्यात शेवटी. खत नीट पोचलं तर दोन-तीन आठवड्यांत थराचा रंग करड्याकडून तपकिरीकडे वळताना दिसेल.

एवढं करून डीओ ३ आहे, अमोनिया-फॉस्फेट उरतंय, पीएच ठीक आहे आणि तरीही गाळलेला सीओडी अधूनमधून एकदम चढतो, असं झालं तर कारखान्याच्या धुलाईचं वेळापत्रक आणून त्या चढांशी ताडून पाहा. टाक्या आणि पाइप धुताना वापरलेला कॉस्टिक, क्लोरीन आणि विशेषतः चतुर्थक अमोनियम जातीची जंतुनाशकं एकदम सोडली तर थराचा वरचा भाग मरतो आणि दोन-तीन दिवस मागे जातो. थर सुट्या गाळापेक्षा लवकर सावरतो, पण दर आठवड्याला मार बसला तर त्यालाही उभं राहता येत नाही. असं पाणी वेगळ्या टाकीत धरा, पीएच आणि उरलेला क्लोरीन मारून घ्या आणि इक्वलायझेशन टँकमध्ये (येणारं पाणी साठवून एकसारखं करणाऱ्या टाकीत) २४ तासांत थेंबाथेंबाने सोडा. इक्वलायझेशन टँक आठ-दहा तासांच्या पाण्यापेक्षा लहान असेल तर वरच्या सगळ्या कामांच्या आधी तिची जागा शोधा.